दिव्याच्या डब्यातला जोड

मोटरसायकल टेम्पोतून उतरली तेव्हा शेजारचा टायरवाला हात पुसत बाहेर आला. गंजलेली टाकी, फाटलेली सीट, चाकांच्या तारांवर कोळ्याची जाळी. त्याने एकदा सगळं न्याहाळलं आणि म्हणाला, "काकू, भंगारवाला दोन दुकानं पुढे आहे. हे लोक चुकून तुमच्याकडे थांबलेत."

"आधी स्वतःच्या तोंडाचं पंक्चर काढ," काकू म्हणाल्या. "फार हवा गळते."

गल्लीत त्यांना सगळे वायरकाकू म्हणत. जुन्या गाड्यांचं कापडी वेष्टनाचं वायरिंग हाताने बांधणारं माणूस आता शोधून सापडत नाही, म्हणून लांबलांबचे शौकीन लोक विचारत विचारत त्यांच्या दुकानाशी येत. तरुणपणी काकू हार्नेसच्या कारखान्यात होत्या. हार्नेस म्हणजे गाडीतल्या सगळ्या वायरींची एकत्र बांधलेली जुडी. लाकडी फळीवर गाडीच्या आकाराने खिळे ठोकलेले असत. खिळ्यांच्या कडेकडेने वायरी ओढायच्या, मेणाच्या दोऱ्याने आवळत जायचं, आणि शेवटी फळीवरून उचलली की झाडाची वाळकी फांदी हातात यावी तशी जुडी हातात येई. काकूंची बोटं त्या कामात घडलेली होती. चष्मा लागला, गुडघे गेले, पण बोटं शाबूत होती.

मोटरसायकलबरोबर आलेला माणूस मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट तपासणारा इंजिनियर होता. पन्नाशीला टेकलेला, शर्टाला कडक इस्त्री. टेम्पोवाल्याने आणि टायरवाल्याने मिळून गाडी उतरवली. हा मात्र चार हात लांब उभा राहिला, जणू गाडी चावते.

"मूळ वायरिंग तसंच ठेवायचं," तो म्हणाला. "वाचेल तिथे जुनीच वायर. बदलाल तिथला काढलेला तुकडा मला परत हवा."

"आमची पद्धतच आहे ती. नवीन घातलेलं आत लपतं, म्हणून जुनं काढलेलं गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. किती वर्षं उभी आहे?"

"तीसेक. आईने शेडमध्ये कुलूप लावून ठेवली होती. कोणाला हात लावू दिला नाही. आता शेड पाडायची, तर म्हणते, एक तर चालू कर, नाही तर वितळवून टाक. मधलं काही ठेवू नकोस."

"आणि गाडी कोणाची?"

"दादाची." तो थांबला. "माझा थोरला भाऊ. ह्याच गाडीवर गेला. वळणावर पुढचा दिवा विझला, गाडी वेगात होती, आडवी झाली, दादा भिंतीवर." मग त्याचा आवाज एकदम पाठ केल्यासारखा सपाट झाला. "वायरमनने मारलं त्याला. थोडेच महिने आधी सगळं वायरिंग त्याच्याकडून करून घेतलं होतं. गाठ्या म्हणायचे लोक. वायरींना गाठी मारायचा, वेडा. नाव ऐकलं असेल तुम्ही."

काकू वाकून सीटखाली बघत होत्या. त्या लगेच उठल्या नाहीत.

"ऐकलंय," त्या म्हणाल्या.

गाठ्या त्यांचा नवरा होता.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात गाठ्याने बाजारातून टोमॅटो आणले होते. पिशवीभर, एकजात हिरवे. काकू हसून हसून बेजार झाल्या. "अहो, लोणचं घालायचं होतं का?" गाठ्या हसला नाही. त्याने दार लोटून घेतलं आणि कोणाला न सांगितलेली गोष्ट बायकोला सांगितली. त्याला लाल आणि हिरवं वेगळं दिसत नसे. दोन्ही त्याला मातकट, वाळल्या पानासारखे दिसत. चव न कळणारा आचारी एक वेळ लोक चालवून घेतील. लाल-हिरवं न कळणाऱ्या वायरमनकडे गाडी कोण देईल? मग पोटासाठी त्याने युक्ती काढली होती. वायर हातात आली की आधी टेस्ट लॅम्पने ती कुठून कुठे जाते ते शोधायचं आणि एकदा कळलं की तिला गाठ मारून ठेवायची. पुढच्या दिव्याला एक, भोंग्याला दोन, ब्रेकच्या दिव्याला तीन. "आणि अर्थिंगला?" काकूंनी विचारलं होतं. "अर्थिंगला गाठ नाही," तो म्हणाला. "जमिनीला काय गाठ मारायची!"

लोकांना ते खूळ वाटे. काही जण त्याला सहीच समजत. त्याने ते तसंच चालू दिलं. लग्नानंतर काकू कारखान्यातून सुटल्या की दुकानात येऊन बसत आणि तो उगाच परीक्षा घेतल्यासारखा विचारी, "ही कुठली गं?" काकू तोंडातल्या तोंडात रंग सांगत. गिऱ्हाइकाला वाटे, नवराबायकोची लाडीगोडी चालली आहे.

मग तो अपघात झाला.

त्या काळच्या मोटरसायकलींत इंजिनाची ठिणगी मॅग्नेटोतून येते आणि दिव्यांची वीज डायनामोतून. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. म्हणजे दिवा गेला तरी गाडी थांबत नाही, तशीच अंधारात धावत राहते. लोक पोचले तेव्हा पुढचा दिवा बंद होता आणि मागचा लाल दिवा जळत होता. उजाडेपर्यंत, बॅटरी उतरेपर्यंत, तो जळतच राहिला. हे ज्याने त्याने येऊन गाठ्याला सांगितलं. मागचा जळत होता म्हणजे बॅटरी ठीक होती, डायनामो ठीक होता. गेली ती पुढच्या दिव्याची वायर. दोष वायरिंगचाच.

मेलेल्या मुलाची आई दुकानासमोर येऊन उभी राहिली होती. रडली नाही, ओरडली नाही. "तुझे हात झडतील," एवढं म्हणाली आणि गेली. गाठ्या कितीतरी वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसला.

"रंग चुकला असता तर दिवा पहिल्याच दिवशी लागला नसता," काकू त्याला समजावत. "इतके महिने लागलाच ना?"

"चुकीची वायरसुद्धा चालते," तो म्हणे. "मागच्या दिव्याची वायर बारीक असते, पुढच्याची जाड. वर कापड असलं की बोटाला दोन्ही सारख्याच. बारीक वायर पुढच्या दिव्याला गेली असेल माझ्याकडून. चालते ती. रोज थोडी थोडी तापते आणि एक दिवस जळते. तू नव्हतीस त्या दिवशी दुकानात. मी कोणाला विचारलं नाही."

"असेल नसेल, कोणाला ठाऊक! जाऊ द्या आता."

पण जाणार कुठे? गिऱ्हाईक तुटलं, दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला हलवलं, पाटीवरचं नाव बदललं. गाठ्याने पुढे भोंगे केले, बॅटऱ्या केल्या, सगळं केलं. पुढच्या दिव्याला मात्र पुन्हा हात लावला नाही. ती कामं काकूंनी केली. छातीच्या दुखण्याने तो इस्पितळात पडला तेव्हा, बोलणं बंद झाल्यावरही, त्याची बोटं चादरीची कड धरून हलत राहिली. नर्स म्हणाली, अशक्तपणाने होतं. काकूंनी बघितलं, ती बोटं गाठ मारत होती, मारून झाली की चाचपत होती आणि सोडून पुन्हा मारत होती.

आणि आता तीच मोटरसायकल त्यांच्या दुकानात उभी होती. बंद कुलपात, कोणीही हात न लावलेली. गाठ्याला आयुष्यभर हवं असलेलं उत्तर तिच्या पोटात होतं. त्याच्या हातून बारीक वायर गेली होती की नव्हती? काकूंना आता ते फक्त उघडून बघायचं होतं. आणि नेमकं तेच त्यांना होईना.

त्यांनी मागून सुरुवात केली. आधी मागचा दिवा, मग सीटखालचा भाग, मग डायनामो. टाकी काढली, जुडीवरचं कापड ब्लेडने हळूच उसवलं आणि त्या थांबल्या. वायरींच्या वेष्टनात एके काळी रंगीत धागे विणलेले होते. तेल, धूळ आणि वर्षं यांनी ते सगळे खाऊन टाकले होते. लाल नाही, हिरवी नाही, सगळ्या मातकट, वाळल्या पानासारख्या. काकू चष्मा पुसून पुन्हा बघू लागल्या. तरी तेच. गाठ्याला जग कसं दिसत होतं, ते लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर, तो गेल्यावर, त्यांना पहिल्यांदा दिसलं.

मग त्यांनी डोळे मिटले आणि बोटं चालवली. टाकीच्या मागे एक गाठ. तिच्या शेजारच्या वायरीला दोन. पुढे तीन. नीट, सारख्या, घट्ट, जशा काल मारल्या असाव्यात. कोणी दुकानाच्या दारातून पाहिलं असतं तर म्हातारी डोळे मिटून जपमाळ ओढते आहे असं वाटलं असतं. काकूंना मात्र आपल्या बोटांवर दुसरी बोटं असल्यासारखं वाटलं आणि त्यांनी हात झटकन मागे घेतला.

त्या दिवसापासून गाडीवर चादर टाकूनही त्यांना चैन पडेना. चादरीखाली हँडल दोन्ही बाजूंनी वर आलेलं दिसे, कोणी खांदे उडवून बसल्यासारखं. काम करताना पाठीमागे गाठ्याचं स्टूल असे. त्यावर त्या कोणाला बसू देत नसत. टायरवाला एकदा विसरून टेकला तेव्हा "ऊठ" एवढंच म्हणाल्या, आणि त्या आवाजाने तो चटका बसल्यासारखा उठला होता. आता त्यांना काम करताना पाठ भाजल्यासारखी वाटे. वळून पाहिलं की नुसतं स्टूल.

डायनामो साफ करून, तारा जोडून त्यांनी हाताने फिरवला तेव्हा मीटरचा काटा थोडासा हलला. बॅटरी नाही, काही नाही, तरी हलला. टायरवाला बघत होता. "ह्यात कुठून आली वीज?"

"लोखंडात उरलेली असते थोडी. शेवटचा चालला तेव्हा ज्या दिशेने चुंबक झाला होता, ती दिशा त्याला लक्षात राहते."

"तीस वर्षं?"

"कोणी मुद्दाम पुसली नाही तर राहते."

टायरवाल्याने डायनामोकडे जरा आदराने बघितलं. मग मदतीच्या उत्साहात बॅटरी उचलून तिची मायनस वायर गाडीच्या सांगाड्याला लावायला निघाला. काकू ओरडल्या, "अरे थांब! ह्या जातीच्या गाड्यांत प्लस अंगाला लागते. उलटी लावलीस तर आत्ता लक्षात आहे तेवढंही पुसशील."

"उलट्या डोक्याची गाडी!"

"म्हणून तर तुला लळा लागलाय तिचा."

असे दिवस गेले. टाकीखालची जुडी झाली, हँडलचा डिपर झाला, भोंगा झाला. सगळीकडे गाठी बरोबर होत्या. राहिला पुढच्या दिव्याचा डबा. काकू रोज सकाळी तो उघडायचं ठरवत आणि रोज दुसरं काहीतरी काढून बसत. आत बारीक वायर निघाली तर? इतकी वर्षं त्या नवऱ्याला "तुमचं काही चुकलं नाही" म्हणत आल्या होत्या. खोटं निघालं तर ते बोलणंही मागे जाऊन खोटं होणार होतं.

शेवटी एका दुपारी त्यांनी काचेच्या कडीचा स्क्रू सोडला. गंजलेला असूनही तो वाट बघत असल्यासारखा सहज फिरला. काच आणि तिच्यामागची चकचकीत वाटी पुढे आली. बल्ब शाबूत, त्यातली तारही शाबूत. म्हणजे वीजच पोचली नव्हती. काकूंनी टाकीपासून एका गाठीची वायर धरली आणि बोटं पुढे सरकवत नेली. हँडलच्या मानेपाशी पुन्हा एक गाठ. तिथे त्यांनी वेष्टन जरासं सोलून पाहिलं. जाड वायर. पूर्ण जाड. तांबं लखलखीत, कुठे काळं नाही, कुठे तापल्याची खूण नाही. त्यांनी श्वास सोडला. रबरी कडीतून वायर डब्यात शिरत होती. आत आणखी एक गाठ असायला हवी होती, कारण गाठ्या दोन्ही टोकांना खूण ठेवी.

गाठ नव्हती. गाठीच्या जागी वायर कापलेली होती आणि टेप गुंडाळून पुन्हा जोडलेली. बोट लावताच टेप वाळक्या सालीसारखी निघून आली. आत दोन टोकं एकमेकांना नुसती पिळलेली. पिळलेली होती कधी काळी, आता एक टोक पिळातून निसटून बाजूला आलं होतं. त्याच्या तारा काळ्या पडलेल्या, आणि एका तारेच्या टोकाला वितळलेल्या तांब्याचा मोहरीएवढा मणी. हादऱ्यांनी जोड सुटत गेला, ठिणग्या पडत राहिल्या आणि त्या वळणावर तो एकदाचा निसटला.

हा जोड गाठ्याचा नव्हता. गाठ्या तारा एकमेकींत गुंफी, वर सोल्डर म्हणजे वितळलेलं कथील ओती, दोरा गुंडाळी, मेण लावी. पिळलेल्या जोडाचा त्याला तिटकारा होता. "वेणी केसांना घालावी," तो म्हणे, "वायरीला नाही."

काकू वळल्या. "ऐकलंत का?" त्या मोठ्याने म्हणाल्या. "तुमची वायर जाडच होती हो!"

स्टुलावर कोणी नव्हतं. इतकी वर्षं तो तिथे आहे असं त्यांना वाटत आलं होतं, पाठीला जाणवत आलं होतं. आणि आज सांगण्यासारखं काही होतं, तर तिथे चार पाय आणि एक फळी. काकू त्या दुपारी खूप रडल्या. मग रडणं संपलं आणि राग आला. कोणी कापली ती गाठ? हात झडतील म्हणणाऱ्या त्या बाईला आत्ताच्या आत्ता जाऊन सांगावं असं त्यांना वाटलं. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून ओरडावं. त्या लिफ्टवाल्याला तर पहिल्या वाक्यातच सांगायचं, गाठ्या माझा नवरा होता, आणि आता बघा.

तो दोन दिवसांनी आला. काम कुठवर आलं, असं त्याने विचारलं नाही. दारातच उभा राहून म्हणाला, "डबा उघडलात?"

काकूंनी वाक्य तयार ठेवलं होतं. पण त्यांची नजर त्याच्या हाताकडे गेली. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत होती. बोटांत काही नव्हतं, तरी ती काहीतरी पिळत होती. अशी बोटं त्यांनी एकदा चादरीच्या कडेवर पाहिली होती.

"सगळीकडे गाठी आहेत," त्या हळू म्हणाल्या. "फक्त डब्यात नाही."

तो आत आला. बसायला सांगितलं नव्हतं, तरी खाली मान घालून तेलाच्या एका रिकाम्या डब्यावर बसला.

"ती मी काढली," तो म्हणाला. "टेक्निकलच्या पहिल्या वर्षाला होतो. दादा म्हणाला, बघ रे, दिव्याच्या डब्यावरच्या मीटरचा काटा का नाचतो. मी डबा उघडला तर आत गाठ. मला हसूच आलं. म्हटलं, वायर आहे की बुटाची नाडी! कापली, सरळ केली, पिळली, टेप मारली. सोल्डरिंग आम्हाला पुढच्या सहामाहीत होतं. दादाला म्हटलं, फर्स्टक्लास करून दिलंय बघ."

बाहेर टायरवाल्याचा हवा भरायचा पंप सुरू झाला आणि बंद झाला.

"आईने त्या माणसाचं नाव घेतलं. मी गप्प बसलो. मग सगळेच घ्यायला लागले, मग मीही." त्याने तोंडावरून हात फिरवला. "ते एकदा आमच्या घरी आले होते. म्हणाले, फक्त डबा उघडून बघू द्या, बाकी काही मागत नाही. आई आत होती. मी फाटक लावून घेतलं."

हे काकूंना ठाऊक नव्हतं. गाठ्याने कधी सांगितलं नव्हतं. कुठल्या दिवशी गेला असेल, काय सांगून घराबाहेर पडला असेल, परत आल्यावर जेवला असेल का, हे सगळं एकदम त्यांच्या डोक्यात गोळा झालं. समोरच्या माणसाला उचलून बाहेर फेकावं एवढं बळ क्षणभर त्यांच्या हातात आलं.

"तुम्ही सांगा, काकू," तो म्हणाला. "जोड सुटला होता का? शेडची किल्ली आईकडे होती, मागितली असती तर दिली असती तिने. मी मागितली नाही. सकाळी वाटतं, त्यांचीच वायर जळली असेल. संध्याकाळी वाटतं, माझा जोड. रोज. तुम्हाला सांगतो, रोज."

एक वाक्य काकूंच्या जिभेवर आयतं होतं. आता काय कळणार, सगळं गंजून गेलंय, असेल नसेल. ते बोललं की हा माणूस उठून घरी जाईल, आणि कोणी म्हणेल, बाईचं मन मोठं. पण ते वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. तेच त्यांनी नवऱ्याला वर्षानुवर्षं भरवलं होतं, आणि त्या असेल-नसेलनेच त्याला आतून पोखरलं होतं.

त्यांनी मोटरसायकलचं हँडल उजेडाकडे वळवलं. "या. स्वतः बघा."

तो उठला. वाकला. मणी त्याला लगेच दिसला. शिकलेला माणूस होता, समजवावं लागलं नाही.

"जोडाच्या मागची सगळी वायर मी तपासली," काकू म्हणाल्या. "जाड आहे. कुठेही तापलेली नाही. जोड सुटला होता. तुमचा."

त्याने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला.

"गाठी का मारायचे ते?" त्याने विचारलं.

"त्यांना लाल-हिरवं दिसत नसे." जन्मभर दातांखाली धरलेली गोष्ट काकू प्रथमच बोलल्या आणि बोलल्यावर ती किती लहान आहे हे त्यांना कळलं. "गाठ्या म्हणता ना तुम्ही, ते आमचे हे."

माणूस पांढराफटक पडतो म्हणतात, ते काकूंनी त्या दिवशी पाहिलं. तो दारापर्यंत गेला, चौकट धरून उभा राहिला आणि निघून गेला. छत्री विसरला.

त्यानंतर तो आला नाही. फोन नाही, निरोप नाही. गाडी तशीच, डबा उघडा, जोड उघडा. टायरवाला म्हणाला, "पाखरू उडालं वाटतं. गाडी आता तुमची, काकू. टायर मी टाकतो, बसा आणि फिरा."

नवऱ्याचं नाव धुऊन निघालं होतं. त्याचं सुख काकूंना होईना. पाठीमागचं स्टूल आता त्यांना भाजत नव्हतं. त्याऐवजी चहा गाळताना, दोऱ्याला मेण लावताना, काहीही पिळताना त्यांना ती दोन बोटं दिसत. एका माणसाला आयुष्यभर छळलेलं भूत आपण उचललं आणि दुसऱ्याच्या खांद्यावर बसवलं का? खरं सांगितलं म्हणून काय, भुताला खरं-खोटं कुठे कळतं!

मग एका सकाळी दुकानासमोर रिक्षा थांबली. काठी टेकत एक फार म्हातारी बाई उतरली. चेहरा सुरकुत्यांत बुडालेला, पण उभं राहण्याची ढब तीच. काकूंनी ओळखलं. ती पायरी चढली नाही. मोटरसायकलकडे बघून मान फिरवली.

"तो कुठे बसायचा?" तिने विचारलं.

काकूंनी स्टूल दाखवलं. म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. तिने हात जोडले नाहीत, क्षमा मागितली नाही. तिच्या वयाला आणि तिच्या दुःखाला ते जमण्यासारखंही नव्हतं.

"धाकट्याने सांगितलं मला सगळं," ती म्हणाली. "तेव्हापासून झोपत नाही. ताट पुढे केलं की बघत बसतो. तुझा किती दिवस झोपला नव्हता, बाई?"

"शेवटपर्यंत."

म्हातारीने काठीवरचा हात बदलला. "एक गेला. हाही चाललाय. मी काय करू ते सांग. तुला माहीत असेल."

काकू पायरी उतरून खाली आल्या. काय केलं असतं तर गाठ्या झोपला असता, याचा विचार त्यांनी कितीदा केला होता, पण असं कोणी तोंडावर विचारलं नव्हतं.

"मी त्यांना पटवत राहिले, आई," त्या म्हणाल्या. "तुमचं चुकलं नाही, जाऊ द्या, विसरा. त्याने काही झालं नाही. आणि दिव्याची कामं मी त्यांच्या हातून काढून घेतली. म्हटलं, त्रास नको. तिथे चुकलं माझं. तुम्ही त्याला पटवू नका. इकडे पाठवा. तो जोड उघडाच आहे, मी हात लावलेला नाही."

"येईल?"

"माहीत नाही."

म्हातारी रिक्षात बसली. रिक्षा वळेपर्यंत ती बाहेर वाकून स्टुलाकडेच बघत होती.

त्या दिवशी तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आला तेव्हा दुकान उघडून थोडाच वेळ झाला होता. शर्ट चुरगळलेला, दाढी वाढलेली, आणि दारात उभा, आत पाऊल टाकावं की नाही असा. टायरवाला काहीतरी बोलणार होता, पण काकूंनी डोळे वटारले तसा तो आपल्या टायरांत शिरला.

"मला जमणार नाही, काकू," तो दारातूनच म्हणाला. "हात थरथरतो."

"थरथरू दे. वायर मी धरते."

त्यांनी डबा उजेडाकडे वळवला, जुना जोड कापून कागदावर ठेवला आणि तारांची टोकं घासून लखलखीत केली. मग सोल्डरिंगच्या लोखंडाचा खटका दाबला. तो आत येऊन खाली बसला. लोखंड तापायला वेळ लागतो. तेवढ्यात काकूंनी वायरीचं एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं त्याच्या बोटांत दिलं.